डिझेल-आरके: इथेनॉल-बायोडिझेलचं मिश्रण आधी संगणकात जाळून बघायचं असेल तर

सोलापूर जिल्ह्यात साखर कारखाने आणि त्यांच्या डिस्टिलऱ्या भरपूर, करंजाची झाडं रस्त्याकडेला, सरकीचं तेल बाजारात. त्यामुळे इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत, मग ते अशोक चौकातलं असो, केगावचं असो की तळे हिप्परग्याचं, डिझेल इंजिनात इथेनॉल आणि बायोडिझेलचं मिश्रण हा प्रोजेक्टचा विषय निघणं साहजिकच आहे. पण प्रत्येक मिश्रण टेस्ट रिगवर, म्हणजे चाचणीसाठी बसवलेल्या इंजिनावर, चालवायचं म्हणजे लिटरनं इंधन, फुगणारी रबरी सील आणि पंपाच्या प्लंजरची झीज आलीच. म्हणून आधी सिम्युलेशन. त्यासाठी मोफत मिळणारं आणि मनापासून शिफारस करावी असं सॉफ्टवेअर म्हणजे डिझेल-आरके. मॉस्कोच्या बाउमन तांत्रिक विद्यापीठात ते तयार झालं. त्यातलं ज्वलनाचं मॉडेल राझलेयत्सेव्ह आणि कुलेशोव्ह यांचं, म्हणून नावात आर आणि के.

निकाल आधीच सांगून टाकतो. दोन इंधनांमधला फरक कोणत्या दिशेला आणि साधारण किती, हे हे सॉफ्टवेअर चांगलं दाखवतं. अट एकच: इंधनाचा तक्ता स्वतः बसून भरायला हवा. तो तक्ता कुठून तरी उचलून चिकटवला तर येणारे आलेख सुबक दिसतील, पण कशालाच उपयोगी पडणार नाहीत.

प्रोग्राम विंडोजवर चालतो. आपल्या संगणकावर फक्त माहिती भरायची आणि निकाल बघायचे. प्रत्यक्ष गणित दूरच्या सर्व्हरवर होतं. त्यामुळे लॅबमधला जुना डेस्कटॉपही पुरतो, मात्र इंटरनेट लागतंच. पूर्ण त्रिमितीय सीएफडी, म्हणजे बारीक जाळी बांधून केलेलं प्रवाहाचं गणित, हे नव्हे. फवाऱ्याचे सात भाग धरून प्रत्येकातलं बाष्पीभवन आणि ज्वलन हे मॉडेल मोजतं. जाळी बांधायचा प्रश्न नाही, एक रन लवकर संपतो आणि दिवसभरात पन्नास पर्याय तपासता येतात. पदवीच्या आणि एम.टेक.च्या कामाला हीच जात योग्य.

आता इंजिन. बहुतेक ठिकाणी रिगवर किर्लोस्कर टीव्ही1 असतं, म्हणून तेच धरू: बोअर 87.5 मिमी, स्ट्रोक 110 मिमी, कनेक्टिंग रॉड 234 मिमी, 661 सीसी, 1500 आरपीएम, 5.2 किलोवॅट, कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरमधली जागा किती पट आखडते तो आकडा) 17.5. नवा प्रकल्प उघडला की विझार्ड एवढी मूळ मापं विचारतो आणि उरलेलं अंदाजानं भरून टाकतो. इथेच पहिली फसगत होते. विझार्डनं भरलेलं व्हॉल्व्ह टायमिंग (झडपा उघडण्या-मिटण्याच्या वेळा) आपल्या इंजिनाचं नसतं. टीव्ही1 चा इनलेट टीडीसीच्या (पिस्टन सर्वांत वर असतो ती जागा) 4.5 अंश आधी उघडतो आणि बीडीसीनंतर (पिस्टन सर्वांत खाली असतो ती जागा) 35.5 अंशांवर मिटतो. एक्झॉस्ट बीडीसीच्या 35.5 अंश आधी उघडून टीडीसीनंतर 4.5 अंशांवर मिटतो. हे चारही आकडे हातानं भरा. इनलेट उशिरा मिटतो असं दिलं तर कॉम्प्रेशन प्रत्यक्षात कमी होतं, कॉम्प्रेशनच्या शेवटचं तापमान उतरतं आणि अल्कोहोलचा, म्हणजे इथेनॉलचा, सगळा हिशेब बिघडतो.

पिस्टनच्या खळग्याचंही तसंच. 17.5 रेशोला टीडीसीवर उरणारी जागा 661.5 भागिले 16.5, म्हणजे 40.1 घनसेमी. खळग्याचं आकारमान आणि पिस्टन-हेडमधल्या फटीचं आकारमान मिळून एवढंच भरायला हवं. 87.5 मिमी बोअरवर 1 मिमी फट म्हणजे 6 घनसेमी. गॅस्केट बदललं आणि फट 0.3 मिमीनं वाढली तर 1.8 घनसेमी वाढतात आणि रेशो 16.8 वर येतो. डिझेलवर एवढ्यानं फारसं अडत नाही. सीटेन (इंधन किती चटकन पेट घेतं त्याचा आकडा) कमी असलेल्या मिश्रणावर अडतं. शिशाची तार ठेवून फट मोजा, खळग्याचं आकारमान ब्युरेटनं तेल ओतून मोजा, मग भरा.

इंजेक्शनकडे मात्र सावकाश बघायला हवं. नेमप्लेटवरचं टीडीसीआधीचं 23 अंश हे पंपाचं स्टॅटिक टायमिंग आहे, म्हणजे पंप इंधन ढकलायला लागतो तो क्षण. सॉफ्टवेअरला हवा असतो इंधन सिलिंडरमध्ये शिरण्याचा क्षण. मधल्या पोलादी नळीतून दाबाची लाट जायला वेळ लागतो. नळी 600 मिमी धरा, डिझेलमधला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 1350 मीटर, म्हणजे 0.44 मिलिसेकंद. 1500 आरपीएमला एका मिलिसेकंदात क्रँक 9 अंश फिरतो, तेव्हा हे झाले 4 अंश. म्हणून 23 नव्हे, साधारण 19 भरायचे. सुई उचलल्याचा सिग्नल रिगवर मिळत असेल तर तोच वापरा, अंदाजाची गरजच उरत नाही. इथेनॉलमध्ये ध्वनीचा वेग डिझेलपेक्षा कमी, बायोडिझेलमध्ये थोडा जास्त. त्यामुळे मिश्रणात दोघं एकमेकांना बऱ्यापैकी सांभाळून घेतात. नुसत्या इथेनॉल-डिझेलमध्ये इंजेक्शन किंचित मागे सरकतं.

नोझलच्या छिद्राचा व्यास भरताना मिलिमीटरचा एक दशांश इकडे-तिकडे झाला तरी कळायला हवं. इंधन तेवढंच आणि वेळ तेवढाच असेल तर लागणारा दाब छिद्राच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या उलट बदलतो. 0.3 मिमीच्या जागी 0.2 पडलं की दाब पाचपट. सुई 200 बारच्या आसपास उघडणाऱ्या साध्या पंपाला निकालात हजारभर बारचा दाब दिसला तर मॉडेलला दोष देऊ नका, छिद्राचा व्यास आणि छिद्रांची संख्या पुन्हा बघा.

एवढं झालं की शुद्ध डिझेलवर रन घ्या. पूर्ण लोडला विशिष्ट खप किलोवॅट-तासाला 0.26 किलो धरला तर तासाला 1.35 किलो, तासात 45,000 सायकल, म्हणजे सायकलला 30 मिलिग्रॅम. हा आकडा हातानं काढून ठेवा. मग सिलिंडरमधल्या दाबाचा आलेख रिगवरच्या आलेखावर ठेवून बघा. आधी कॉम्प्रेशनची चढती रेघ जुळवा, मग ज्वलनाची सुरुवात, मग पीक प्रेशर, शेवटी घर्षण. हा क्रम मोडला तर एक चूक दुसऱ्या चुकीनं झाकली जाते आणि लोड बदलला की दोन्ही उघड्या पडतात. एका लोडवर जुळवलं की अर्ध्या लोडवर काहीही न बदलता तपासा. आणि इंधन बदलल्यावर मॉडेलच्या एकाही गुणांकाला हात लावायचा नाही; बदलायचा तो फक्त इंधनाचा तक्ता. प्रत्येक मिश्रणासाठी गुणांक वेगळे घेऊन आलेख जुळवला तर ते सिम्युलेशन राहत नाही.

आता इंधनाचा तक्ता, या सगळ्याचा गाभा. उदाहरणाला डिझेल 70, बायोडिझेल 20, इथेनॉल 10 टक्के, आकारमानानं. घनता अनुक्रमे 830, 880 आणि 789 धरली की मिश्रण लिटरला 836 ग्रॅम. वजनानं हिस्से पडतात 69.5, 21.1 आणि 9.4 टक्के. उष्मांक नेहमी वजनाच्या हिश्शानं काढायचा: 42.5, 37.5 आणि 26.8 मेगाज्यूल धरून येतात किलोला 40.0. मूलद्रव्यांत कार्बन 81.6, हायड्रोजन 12.8, ऑक्सिजन 5.6 टक्के. यातला निम्म्याहून जास्त ऑक्सिजन त्या 9.4 टक्के इथेनॉलनं आणलेला आहे, हे लक्षात घेण्यासारखं. या तिन्हींची बेरीज 100 येते का एवढं बघितलं तरी निम्म्या चुका पकडल्या जातात.

चिकटपणा सरळ सरासरीनं काढू नका, लॉगरिदमनं काढा. 40 अंशाला डिझेल 2.6, बायोडिझेल 4.5, इथेनॉल 1.07 सेंटिस्टोक धरले तर लॉगनं 2.66 येतो आणि सरळ सरासरीनं 2.83. मिश्रणाचा चिकटपणा डिझेलच्या जवळच राहिला, याचं श्रेय बायोडिझेलला. नुसतं इथेनॉल मिसळलं असतं तर तो घसरला असता आणि पंपाचं वंगण कमी पडलं असतं. मात्र सॉफ्टवेअर घनता, पृष्ठताण आणि चिकटपणा 323 केल्विनला, म्हणजे 50 अंश सेल्सिअसला मागतं आणि चिकटपणाही डायनॅमिक, पास्कल-सेकंदात. 15 अंशाची घनता तशीच टाकली तर 3 टक्के चूक, चालून जाईल. सेंटिस्टोकचा आकडा पास्कल-सेकंदाच्या रकान्यात पडला तर चूक हजारपट. आपल्या मिश्रणाला तिथे 0.0018 च्या आसपास आकडा यायला हवा.

सीटेन 51, 54 आणि 8 धरून साध्या हिश्शानं 47 येतं. अल्कोहोलच्या बाबतीत हा अंदाजच असतो, हे मान्य करून पुढे जायचं. सॉफ्टवेअरमधल्या तयार डिझेलचं सीटेन 48 धरलेलं आहे आणि आपल्या पंपावरच्या बीएस6 डिझेलचं किमान 51 असावं लागतं. तयार डिझेल तसंच ठेवून मिश्रणाशी तुलना केली तर फरक जवळपास पुसला जातो आणि मग अहवालात ‘इथेनॉलमुळे इग्निशन डिले (इंधन शिरल्यापासून पेट घेईपर्यंतचा वेळ) बदलला नाही’ असं चुकीचं वाक्य येतं. आधी डिझेलचाच रकाना दुरुस्त करा.

दोन रकाने खरोखर अवघड आहेत. एक, आपोआप पेट घेण्याची सक्रियण ऊर्जा, म्हणजे ती रासायनिक क्रिया सुरू व्हायला लागणारी किमान ऊर्जा. इग्निशन डिले इथे टॉलस्टॉव्ह यांच्या सुधारित सूत्रानं निघतो आणि ही ऊर्जा त्यात घातांकात बसलेली आहे. 800 केल्विनला ती 23,000 वरून 25,000 किलोज्यूल प्रति किलोमोल केली की डिले 35 टक्के वाढतो, म्हणजे 7 अंशांचा साडेनऊ. एका रकान्यात एवढी ताकद असेल तर तिथे कुठल्या तरी पेपरातला आकडा डोळे मिटून घालणं योग्य नाही. रिगवर त्या मिश्रणाचा एक तरी दाबाचा आलेख घ्या, त्यावरून हा आकडा एकदा ठरवा आणि बाकीच्या सगळ्या लोडना तोच ठेवा.

दुसरा, 480 केल्विनचा संपृक्त बाष्पदाब, म्हणजे त्या तापमानाला इंधन किती जोरानं वाफ होऊ बघतं त्याचं माप. डिझेलसाठी तिथे 0.05 बारच्या आसपास आकडा असतो. त्याच तापमानाला इथेनॉलचा बाष्पदाब 30 बारच्या वर आहे. आपल्या मिश्रणात इथेनॉल वजनानं 9 टक्के असलं तरी रेणूंच्या संख्येनं जवळपास तिसरा हिस्सा भरतं, कारण त्याचा रेणू हलका. राउल्टच्या नियमानं (प्रत्येक घटकाचा बाष्पदाब त्याच्या रेणूंच्या हिश्शानं धरून) मिश्रणाचा बाष्पदाब मग 10 बारवर जातो, डिझेलच्या दोनशे पट. हा आकडा रकान्यात घातला की मॉडेलला सगळा थेंबच इथेनॉलसारखा उडणारा वाटतो. प्रत्यक्षात इथेनॉल आधी उडतं आणि मागे राहिलेलं डिझेल-बायोडिझेल आपल्या चालीनं. सॉफ्टवेअर मिश्रणाला एकच सरासरी द्रव मानतं, ही त्याची मूळ मर्यादा आहे आणि ती कुठल्याही रकान्यानं सुटत नाही. यावर प्रामाणिक मार्ग एकच: डिझेलजवळचा आकडा घालून एक रन, राउल्टच्या आकड्यानं दुसरा, आणि अहवालात दोन्हींमधला पट्टा दाखवायचा. पट्टा रुंद आला तर तोही निकालच आहे.

इथेनॉलऐवजी एन-ब्युटेनॉल घेतलं तर हा त्रास बराच कमी होतो. उष्मांक 33 मेगाज्यूल, उत्कलनबिंदू 118 अंश, डिझेलमध्ये पूर्ण विरघळतं. पहिल्यांदाच हे सॉफ्टवेअर हाताळणाऱ्यांनी ब्युटेनॉलपासून सुरुवात करावी. पण सोलापुरात सहज मिळणारा माल इथेनॉल आहे, म्हणून त्याला बगल देता येत नाही.

तुलना करताना सायकलचं इंधन किती ठेवायचं, यावरून सर्वांत जास्त घोटाळे होतात. दोन्ही इंधनांना 30 मिलिग्रॅमच दिले तर मिश्रणाची पॉवर कमी दिसणारच, कारण त्यात ऊर्जाच 6 टक्के कमी आहे. मिश्रणाला 32 मिलिग्रॅम द्या, म्हणजे सामना बरोबरीचा होतो. त्यानंतर विशिष्ट खप 6 टक्के वाढलेला दिसेल. तो इंजिनाचा दोष नव्हे, ब्रेक थर्मल एफिशियन्सी (इंधनाच्या ऊर्जेतला कामात उतरलेला हिस्सा) बघा. हवेचं प्रमाणही बिघडत नाही, कारण या मिश्रणाला जळायला किलोमागे साडेतेरा किलोच हवा लागते, डिझेलला साडेचौदा. मात्र खरा पंप आकारमान मोजतो, वजन नाही. पंपाचा रॅक (इंधन कमी-जास्त करणारी दांडी) पूर्ण पुढे गेल्यावर लिटरमागे 5 टक्के ऊर्जा कमी आणि तेवढीच पॉवर कमी, हे जनसेटवाल्याला स्पष्ट सांगायला हवं.

सोलापूरची हवा इथे खास महत्त्वाची. शहर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर, म्हणजे हवेचा दाब 0.96 बार. मे महिन्यात 42 अंश धरले तर हवेची घनता 1.06 किलो प्रति घनमीटर; 1 बार आणि 25 अंशांच्या प्रमाणित स्थितीपेक्षा 9 टक्के कमी. सॉफ्टवेअरमध्ये प्रमाणित हवाच ठेवून रिगवरच्या दुपारच्या आकड्यांशी ताळा घालायला गेलं तर तो बसणार नाही. याहून महत्त्वाचं असं की तापलेली हवा इग्निशन डिले आखडते. डिसेंबरच्या पहाटेची 15 अंशांची हवा आणि मेची 42 अंशांची, या दोहोंत त्याच सूत्रानं डिलेचा फरक साधारण 30 टक्के येतो. म्हणजे इथेनॉलची उशिरा पेटण्याची खोड उन्हाळ्यात झाकली जाते. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या यंत्रमागाच्या जनसेटवर मे महिन्यात मिश्रण गुळगुळीत चाललं, म्हणून ते वर्षभर चालेल असं धरू नये. दोन्ही ऋतूंची हवा घालून दोन रन घ्या. या कामासाठी हे सॉफ्टवेअर फारच सोयीचं आहे.

तसंच एक-आणि द्विमितीय स्कॅनची सोय. टायमिंग 15 ते 23 अंश आणि कॉम्प्रेशन रेशो 16 ते 18 असं दिलं की सगळ्या जोड्यांचे निकाल प्रोग्रामच काढून देतो. अल्कोहोलला टायमिंग किती पुढे घ्यायचं, याचं उत्तर त्या नकाशावर नजर टाकताच मिळतं. फवाऱ्याचं चित्रही उपयोगी आहे: खळग्याच्या भिंतीवर इंधन किती आदळतं ते दिसतं.

प्रदूषणाच्या आकड्यांबाबत हात राखूनच बोलावं लागेल. नायट्रोजन ऑक्साइड झेल्डोविचच्या यंत्रणेनं (तापमानानुसार हे वायू किती बनतात ते सांगणाऱ्या समीकरणांनी) निघतात. दिशा विश्वासार्ह असते, पण ती डिलेवर टेकलेली, म्हणून डिले चुकला की हेही चुकतं. धूर बॉश आणि हार्ट्रिज एककांत मिळतो, मात्र त्यामागची समीकरणं डिझेलच्या अनुभवावर बेतलेली. अल्कोहोलमुळे धूर किती टक्के घटला हा आकडा इथून घेऊन छापू नये. आणि न जळलेले हायड्रोकार्बन व कार्बन मोनॉक्साइड तर यात मिळतच नाहीत. अल्कोहोलच्या मिश्रणात कमी लोडवर नेमके हेच वाढतात, तेव्हा ही उणीव मोठी आहे. त्यासाठी गॅस अॅनालायझरला पर्याय नाही.

इथेनॉल 15 टक्क्यांपलीकडे नेऊन आलेले निकाल आम्ही तरी स्वीकारणार नाही. ईडी95 चं (सुमारे 95 टक्के इथेनॉल असलेलं, डिझेल-जातीच्या इंजिनांसाठीचं इंधन) नाव घेऊन कुणी हाच तक्ता ताणत असेल तर तेही नको. नागपुरात 2014 साली चाचणीसाठी आलेली स्कॅनियाची इथेनॉल बस त्या इंधनावर चालायची, पण तिथे इंधनात पेट घ्यायला मदत करणारं द्रव्य असतं आणि कॉम्प्रेशन रेशो 28. ते इंजिन आणि आपलं टीव्ही1 यांची तुलनाच होत नाही.

विकतच्या पर्यायांत जीटी-पॉवर आणि एव्हीएल बूस्ट आहेत. इनटेक-एक्झॉस्टच्या लाटांसाठी ते सरस, पण या प्रश्नासाठी लायसन्सचा खर्च पटत नाही. फक्त इग्निशन डिलेचं रसायन समजून घ्यायचं असेल तर कँटेरा हे पायथनवर चालणारं मोफत साधन जोडीला घ्या. सक्रियण ऊर्जेचा आकडा ताडून बघायला ते उत्तम.

सॉफ्टवेअर कधीच सांगणार नाही अशा दोन गोष्टी रिगवर जाण्याआधी पक्क्या करा. डिस्टिलरीतून निर्जल, 99.6 टक्क्यांचंच इथेनॉल घ्या. रेक्टिफाइड स्पिरिटमधल्या पाण्यानं मिश्रण काचेच्या बाटलीत दोन थरांत फाटतं आणि मग पंपाला कधी इथेनॉल, कधी डिझेल मिळतं. बाटली रात्रभर ठेवून सकाळी थर बघा, मगच टाकीत ओता. दुसरं म्हणजे भडका बिंदू: इथेनॉलचा 13 अंश सेल्सिअस, आणि 10 टक्के मिसळलं तरी मिश्रणाचा जवळपास तिथेच येतो. सोलापुरात वर्षातला जवळजवळ प्रत्येक दिवस याच्या वरचा. डिझेलच्या सवयीनं कॅन लॅबच्या कोपऱ्यात उघडा ठेवू नका. पेट्रोलला लावता ते सगळे नियम याला लावा, टाकी एक्झॉस्टपासून दूर घ्या आणि परतीची नळी गरम होत असेल तर ती थंड करायची सोय आधी करा.